घर विकण्याआधी अंगण मोकळे केले

आई पुण्याला माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून साताऱ्याचा आमचा बंगला बंदच होता. मधल्या पावसाळ्यांत पुढच्या अंगणात कमरेएवढे रान माजले. घर विकायचे ठरले तेव्हा एजंटने स्पष्टच सांगितले, "ताई, गिऱ्हाईक गेटवरूनच परत जातंय. आत पाऊल टाकायला घाबरतात लोक." दादाचे म्हणणे असे, की घेणारा घर पाडूनच बांधणार, मग अंगणावर खर्च कशाला? पुण्यात ते खरे ठरले असते. आमच्या कॉलनीत मात्र लोक अजून राहायलाच घर घेतात, आणि राहणारा माणूस आधी अंगण बघतो. शेवटी दादाही तयार झाला.

कामाला पितृपक्षाचा पंधरवडा धरला. त्या दिवसांत घर बघायला कोणी येत नाही, आणि घटस्थापनेपासून चौकशा सुरू होतात. शिवाय भाद्रपदात जमिनीत ओल असते, त्यामुळे रान मुळासकट हातात येते. उन्हाळ्यात त्याच जमिनीवर कुदळ नुसती उडते.

शेजारच्या वहिनींच्या ओळखीने रोजंदारीवर दोन मावश्या मिळाल्या. त्यांनी आधी लांब काठीने सगळे रान झोडपून घेतले. घोणस दिसत नाही आणि हलतही नाही, म्हणून हातात विळा घेण्याआधी काठी, आणि पायात गमबूट.

सगळ्यात जास्त होते काँग्रेस, म्हणजे गाजर गवत. भारतात ते पसरल्याची पहिली नोंद पुण्यातली, १९५०च्या दशकातली. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून ते फुलण्याआधी उपटायला हवे. आमचे निम्मे फुललेले होते. बिनफुलाचे मागच्या खड्ड्यात पुरले. फुललेले मात्र हलक्या हाताने पोत्यांत भरून तोंडे बांधली आणि उन्हात कुजायला ठेवली. जाळू दिले नाही. याच्या नुसत्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, परागकणांनी दम लागतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि तोंडाला ओढणी याशिवाय कोणीच हात लावला नाही.

कुंपणाकडच्या झाडांची पाने चाळण झाली होती. उलटून पाहिले तर पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगेरे. हे मेक्सिकन भुंगेरे १९८०च्या दशकात या गवताचा बंदोबस्त करण्यासाठीच भारतात आणले गेले. त्यांना पोत्यात कोंडायचे जिवावर आले. पानांसकट उचलून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरच्या काँग्रेसवर सोडून दिले.

खरी चिकाटी लागली ती लव्हाळ्याला. वरून ओढले की पाती हातात येते आणि गाठ जमिनीतच राहते. मोठ्या मावशी म्हणाल्या, "ह्याला उपटायचं नसतं ताई, खणायचं असतं." त्यांनी कुदळीने वीतभर माती उलथली आणि बोटांनी चाचपून जमिनीखालचा मुळासारखा दोरा बाहेर काढला. दोऱ्याला एकापुढे एक काळ्या गाठी. एक गाठ खुरप्याने कापली तर आत पांढरी, आणि उटण्याचा वास! दिवाळीच्या उटण्यात पडतो तो नागरमोथा हाच. राहिलेल्या प्रत्येक गाठीतून नवे रोप उठते, म्हणून माती चाळणीवर टाकून गाठी वेचल्या. दादाने तणनाशकाचे विचारले होते. पण ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर ऑक्टोबर २०२२च्या सरकारी आदेशाने कीटकनियंत्रणवाल्यांपुरताच ठेवला होता, आणि फवारा उडाला असता तर आईचा मोगरा गेला असता. मला ते नकोच होते.

रान निघाले तसे घर दिसू लागले. पाण्याचे मीटर सापडले, ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण सापडले, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात मोजणीच्या वेळचा हद्दीचा दगड! घेणाऱ्याच्या दृष्टीने हा दगड दहा गुलाबांपेक्षा मोलाचा. त्याच्याभोवतीची जागा साफ करून त्याला चुना लावला.

कुंपणाच्या भिंतीत पिंपळ रुजला होता. तो वरून छाटून भागत नाही. गवंड्याने थोडा गिलावा फोडून मूळ सोडवले आणि भेग सिमेंटने भरली. रोप टाकायला त्याचे मन होईना, म्हणून गावच्या पारावर लावायला घेऊन गेला. व्हरांड्यावर आलेल्या आंब्याच्या फांदीसाठी नगरपालिकेकडे अर्ज दिला. झाड आपल्या आवारातले असले तरी १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि विक्रीच्या तोंडावर तक्रार ओढवून घ्यायला नको. परवानगी येईपर्यंत फांदीला हात लावला नाही.

एका नर्सरीवाल्याने लॉन अंथरायचे सुचवले. मी नको म्हटले. लॉनला रोज पाणी लागते, बंद घरात ते घालणार कोण? आणि खालून लव्हाळा वर आला की हिरवळीत तो निवडणे कठीण. पाहणाऱ्याला चार दिवस हिरवे दाखवायचे आणि कटकट त्याच्या गळ्यात टाकायची, हे मला पटत नव्हते. त्याऐवजी गेटपासून पायरीपर्यंत बुजलेली शहाबादी फरशी धुऊन, हललेल्या फरश्या पुन्हा बसवल्या. दोन्ही बाजूंना मुरूम पसरून चोपून घेतला. गेटला तेलरंग दिला. तुळशीवृंदावन गेरूने रंगवून नवी तुळस लावली. मोगरा, जास्वंद आणि पारिजात यांची आळी केली. विकत आणली ती फक्त फुललेल्या झेंडूची रोपे, तीही पायरीजवळच्या कुंड्यांसाठी. नवरात्रात त्यांना बहर होता.

अष्टमीच्या सुमारास कराडचे एक कुटुंब आले. काका हद्दीच्या दगडापाशी गेले, तिथून भिंतीच्या रेषेत नजर लावून उभे राहिले आणि मोजणीचा नकाशा मागितला. आजींनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "साप निघतात का हो इथं?" मी म्हटले, काम करताना एकही दिसला नाही, पण पलीकडचा प्लॉट रानाचा आहे, तेव्हा पावसाळ्यात फाटक लावून ठेवा आणि भिंतीलगत अडगळ साठवू नका. लव्हाळ्याचेही लपवले नाही. कोणत्या दोन ठिकाणी तो पुन्हा उठेल, तेही दाखवले.

व्यवहार ठरला. विसार घेताना सूनबाईंनी एकच अट सांगितली, ताबा मिळेपर्यंत पारिजाताला पाणी घालायचे. शेजारच्या वहिनींनी ते आपणहून अंगावर घेतले. पुढे दाखवलेल्या जागी लव्हाळा आलाच. त्याच मावश्यांचा फोन नंबर मी त्यांना दिला होता. त्या येऊन गाठी खणून गेल्या.