नवी गाडी, जुना चासी नंबर

१२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेनवरच्या जॅग्वार कारखान्याला आग लागली आणि तिथे तयार होत असलेल्या पंचवीस एक्सकेएसएस गाड्यांपैकी नऊ जळून गेल्या. वाचलेल्या सोळांनी कंपनीच्या इतिहासात मानाची जागा मिळवली. २०१६ मध्ये जॅग्वारने जाहीर केलं की जळालेल्या नऊ गाड्या आपण आता बांधणार, आणि किंमत असेल प्रत्येकी दहा लाख पौंडांच्या वर. अशा गाड्यांना कंटिन्युएशन म्हणतात. मूळ कंपनीनेच, मूळ आराखड्यावरून, मागे राहिलेला चासी नंबर देऊन आज बांधलेली गाडी.

मी लिलावांची सूचिपत्रं तळटीपांसकट वाचते, त्यामुळे या दोन प्रकारच्या गाड्यांच्या किमतींतलं अंतर सतत नजरेसमोर असतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात सोळांपैकी एक एक्सकेएसएस १ कोटी ३२ लाख डॉलरला गेली. पत्रा तोच, तेच सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन, बॉनेटचा तोच बाक. तरी नव्या गाडीला त्या किमतीचा फार तर आठवा-दहावा भाग मिळतो. लोक म्हणतात, मूळ ती मूळच. मान्य. पण मला वाटतं की या अंतराचा बराच मोठा भाग इतिहासाचा नसून रस्त्याचा आहे.

एक्सकेएसएस मुळात काय होती ते बघा. शर्यतीच्या डी-टाइप गाड्या विकल्या जात नव्हत्या, म्हणून जॅग्वारने उरलेल्या गाड्यांना दुसरं दार दिलं, पूर्ण रुंदीची काच लावली, छोटे बंपर आणि मागे सामानाची जाळी बसवली. रस्त्यावर नेता यावी म्हणूनच ही गाडी जन्मली. आणि नव्या नऊ गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या त्या रस्त्याच्या परवानगीशिवाय. याचं मला खरोखर वाईट वाटतं. २०१७ पासून न्यूपोर्ट पॅग्नेलमध्ये बांधलेल्या पंचवीस अ‍ॅस्टन मार्टिन डीबी४ जीटी, प्रत्येकी पंधरा लाख पौंडांच्या, त्याही फक्त ट्रॅकसाठी. जेम्स बाँडच्या डीबी५ च्या पंचवीस प्रतिकृती अ‍ॅस्टनने स्वतःच काढल्या, साडेसत्तावीस लाख पौंड अधिक कर अशा किमतीला. फिरणारी नंबर प्लेटसुद्धा दिली, पण रस्त्यावर चालवायची मुभा नाही.

असं का होतं? कायदा गाडीचा आकार बघत नाही, ती कधी बांधली ते बघतो. १९५७ ची गाडी १९५७ च्या नियमांना उतरली की झालं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला तर रस्ताकरही माफ होतो आणि वार्षिक तपासणीतूनही बहुधा सूट मिळते. २०१७ मध्ये बांधलेली गाडी मात्र २०१७ ची. तिचं पासिंग करायचं तर आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी. तिथे सीटबेल्टचे बिंदू, स्टीअरिंगचा दांडा, धूर, आरसे सगळं तपासतात. बाहेरच्या कडांची गोलाईसुद्धा मोजतात, ती किमान अडीच मिलिमीटर हवी. स्पोकच्या चाकावर मधोमध असतो तो पंखांचा नट, ज्याच्यावर हातोडीने टोले घालून चाक सोडवतात, तो या तपासणीत अडतो. आता पन्नाशीच्या दशकातल्या स्पोर्ट्‌स कारचा चेहरा म्हणजे दुसरं काय? तो नट, त्या धारदार कडा, तो सरळसोट दांडा. हे बदललं तर खरेदीदार म्हणणार, ही मूळ घडण नाही. नाही बदललं तर निरीक्षक सही करणार नाही. बहुतेक कंपन्यांनी पहिलं टाळलं.

इथे हमखास एक आक्षेप येतो. साठ-सत्तर वर्षं शर्यती खेळलेल्या कितीतरी मूळ गाड्यांचं नाक बदललेलं असतं, इंजिन दुसरं असतं, चौकटीचे नळ कापून नवे जोडलेले असतात. मग तिला रस्ता आणि नवीला नाही, हा कुठला न्याय? मला तो न्यायच वाटतो. जुन्या गाडीत मोठे फेरफार झाले तर ब्रिटिश नोंदणी खातं ऑगस्ट २०२५ पर्यंत गुण मोजत असे. मूळ चासीचे पाच, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टीअरिंग यांचे दोन-दोन, इंजिनाचा एक. चासीसह आठ जमले तर जुना नोंदणी क्रमांक टिकायचा. गाडी तुकड्यातुकड्याने बदलली तरी ती कधी थांबली नाही, तिच्या नोंदींची साखळी तुटली नाही. कंटिन्युएशनला तशी साखळीच नाही. चासी नंबर आहे, पण त्या नंबराने जगलेलं एकही वर्ष नाही.

चासी नंबराच्या जोरावर वय मिळवण्याचा प्रयत्न पूर्वी झालेलाही आहे. नव्वदीच्या सुरुवातीला कॅरोल शेल्बी या अमेरिकन गाडीनिर्मात्याने साठच्या दशकातल्या उरलेल्या चासींवरून आपल्या कोब्रा स्पोर्ट्‌स कार पूर्ण करतो असं सांगून जुन्या नंबरांचे कागद काढले होते. त्या चौकटी नव्याने बनवलेल्या होत्या हे पुढे वृत्तपत्रांनी उघडकीला आणलं. त्यानंतर आलेल्या सीएसएक्स ४००० मालिकेचा नंबरच सांगतो की ही गाडी नवी आहे, आणि माझ्या मते तेच योग्य. त्या गाड्यांचा बाजार आज शांतपणे चालतो, कारण कुणाची फसवणूक होत नाही.

अमेरिकेत वाट थोडी रुंद झाली आहे. २०१५ च्या कायद्याने छोट्या कारखानदाराला वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती गाड्या विकायची मुभा दिली. अट अशी की आकार किमान पंचवीस वर्षं जुन्या गाडीचा हवा, तो वापरण्याचा हक्क हवा, आणि इंजिन आजच्या प्रदूषण नियमांत बसणारं हवं. त्याचे नियम प्रत्यक्षात यायला २०२२ उजाडलं. धडक-सुरक्षेच्या बऱ्याच नियमांतून सूट आहे, धुरातून नाही. म्हणजे तीन वेबर कार्ब्युरेटरवर श्वास घेणारं जॅग्वारचं इंजिन तिथेही अडतंच.

ट्रॅकपुरत्या गाड्यांचं मोल कशावर टिकतं? शर्यतीवर. जॅग्वारने १९६३ मध्ये शर्यतीसाठी हलक्या केलेल्या अठरा लाइटवेट ई-टाइप ठरवल्या, बांधल्या बारा, आणि २०१४ मध्ये उरलेले सहा नंबर वापरले. अशी गाडी त्या काळच्या तांत्रिक घडणीशी तंतोतंत जुळली तर तिला एफआयएचा, म्हणजे मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट मिळू शकतो. तो वयाचा दाखला नव्हे, पण त्यावर ऐतिहासिक शर्यतींचं दार उघडतं. सत्तर लाख डॉलरची मूळ लाइटवेट वळणावर झोकून द्यायला मालक कचरतो, नवी तो मनसोक्त हाणू शकतो. हा उपयोग खरा आहे. पण जो शर्यत खेळत नाही त्याच्याकडे ती ट्रेलरवरून ट्रेलरवर जाते, आणि पुन्हा विकताना गिऱ्हाइकं मोजकीच उरतात.

म्हणून मला अल्व्हिस या जुन्या ब्रिटिश कंपनीचं काम आवडतं. त्यांच्या ४.३ लिटर गाडीच्या १५० चासींना युद्धापूर्वी मंजुरी होती, बांधल्या गेल्या ७३. उरलेल्या ७७ नंबरांवर त्यांनी नव्या गाड्या सुरू केल्या आणि त्या रस्त्यावर चालाव्यात असंच ठरवलं. इंजिन जुन्या आराखड्याचं, पण त्याला इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, आणि ब्रेक डिस्कचे. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. कार्ब्युरेटर गेला त्याची हळहळ आहे, पण त्या बदल्यात गाडीला पावसातली संध्याकाळ मिळाली, टेकडीचा चढ मिळाला, पेट्रोल पंपावर थांबून विचारपूस करणारी माणसं मिळाली. लिस्टर या ब्रिटिश कंपनीनेही आपल्या नॉबली या शर्यतीच्या गाडीची रस्त्यावर चालणारी आवृत्ती देऊ केली.

कुणी कंटिन्युएशन घ्यायचा विचार करत असेल तर चकाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमकडे वळण्याआधी नोंदणीचा कागद मागावा. त्यावर उत्पादनाचं वर्ष कोणतं लिहिलंय? मंजुरी कोणत्या देशाची, आणि ती गाडीसोबत दुसऱ्या देशात जाते का? ब्रिटनमधली असेल तर प्लेट क्यू अक्षराची आहे का, म्हणजे गाडीचं वय किंवा ओळख नोंदणी खात्याला पटलेली नाही का? नोंदणीच नसेल तर एफआयए पासपोर्ट आहे का, आणि त्याची मुदत कधीपर्यंत? विकणारा उत्तराऐवजी आगीची गोष्ट सांगू लागला, तर गोष्ट ऐकून घ्यावी आणि कागद पुन्हा मागावा.