‘आय कुड लिव्ह इन होप’च्या वळणाची चाल: चौथ्या टप्प्याची नोंद

‘आय कुड लिव्ह इन होप’ हा ‘लो’ (Low) या बँडचा १९९४ चा पहिला अल्बम. डुलूथ, मिनेसोटाचे तिघे: गिटार आणि गायन अॅलन स्पारहॉक, ड्रम आणि गायन मिमी पार्कर, बास जॉन निकोल्स, निर्माता क्रेमर. त्याच्या धाटणीची स्वतंत्र चाल चार मिनिटांत बांधायची आहे. वेग मिनिटाला ५४ मात्रा, चार मात्रांचं एक आवर्तन, एकूण ५४ आवर्तनं. म्हणजे एक मात्रा १.११ सेकंदाची आणि आवर्तन साधारण ४.४ सेकंदांचं.

ड्रमचे पहिले सहा टेक (ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न) बाद. प्रत्येकात ठोका क्लिकच्या, म्हणजे हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीच्या, आधी पडतोय. दोन ठोक्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितका अंदाज चुकतो, आणि हात रिकामी जागा भरायला धावतो. विलंबित ख्यालात तबलजी ती जागा भरतो, इथे ती रिकामीच ठेवायची असते. क्लिक अर्ध्या मात्रेवर, ५५५ मिलिसेकंदांवर लावून दोन दिवस रियाज केला, मग पुन्हा पूर्ण मात्रेवर आणला. आता ठोके जागेवर आहेत. क्लिक पूर्ण बंद करून मात्र अजून जमलेलं नाही.

ड्रमसेट मिमी पार्करच्या वळणाचा, उभं राहून वाजवायचा: १४ इंची स्नेअर (तळाशी तारा ताणलेला चपटा ड्रम), फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा मोठा ड्रम), एक सिंबल (झांज), तारांचे ब्रश. किक (पायाने वाजवायचा ड्रम) नाही. स्नेअरवर खरखरीत थराचं (कोटेड) पान, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, हवंच. गुळगुळीत पारदर्शक पानावर ब्रश फिरवला तर ‘सर्र’ असा आवाज उमटतच नाही. बास अॅम्पमधून वाजला की स्नेअरच्या तारा आपोआप झणझणतात. मोठ्या आवाजाच्या गाण्यात ते दडून जातं, इथे प्रत्येक विरामात ऐकू येतं. तारा आवळल्या तर ब्रशचा आवाज कोंदतो. त्यामुळे बास अॅम्पशिवाय थेट इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या यंत्रात) घेतला आणि हेडफोनवर ऐकला. झणझण गेली.

सगळ्यात जास्त वेळ रिव्हर्बने, म्हणजे खोलीत घुमल्यासारख्या परिणामाने, खाल्ला. गिटार स्वच्छ, मानेकडचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग), ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम आणलेला फाटका आवाज) शून्य. सुरुवातीला शेपूट, म्हणजे घुमणं विरायला लागणारा वेळ, पाच सेकंदांची होती. कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) दर दोन मात्रांनी, म्हणजे २.२ सेकंदांनी बदलते, त्यामुळे जुनी कॉर्ड नवीवर सांडून चिखल झाला. शेपूट २.८ सेकंदांवर आणली, प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमणं यांमधलं अंतर) ७० मिलिसेकंद ठेवला, रिव्हर्बच्या परतीच्या ट्रॅकवर २५० हर्ट्झखालचं सगळं कापलं. आता तार छेडल्याचा टोकदार आवाज आधी येतो आणि खोली मागून. जिथे कॉर्ड पूर्ण आवर्तन टिकते तिथे शेपूट ४ सेकंदांपर्यंत चालते. रिव्हर्बकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटा (सेंड) ठेवून ती अदलाबदल ऑटोमेशनने, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आधीच आखून, केली.

गायनाला दोन आवाज, एकच फिगर-एट माइक (पुढून आणि मागून ऐकणारा), दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटरवर एकेक गायक. आवाजाचा तोल फेडरने (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने) नाही, अंतराने साधायचा. एक पाऊल मागे गेलं तरी फरक पडतो. एका आवाजाचा सूर नंतर वेगळा दुरुस्त करता येत नाही, म्हणून तालीम आधीच हवी. शब्दाच्या शेवटी ‘त’ किंवा ‘क’ आला आणि दोघांनी तो वेगवेगळ्या क्षणी सोडला, तर रिव्हर्बमध्ये दोन टिचक्या ऐकू येतात. उपाय सोपा आहे: शेवटचं व्यंजन एकानेच उच्चारायचं, दुसऱ्याने स्वरावरच थांबायचं.

ब्रश आणि दबक्या गाण्यासाठी प्रीअॅम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) वर न्यावा लागतो, मग पंख्याची घरघरही वर येते. पंखा आणि फ्रिज बंद करून, प्रत्येक टेकआधी दहा सेकंद रिकामी खोली ऐकायची. मास्टरिंगला (शेवटच्या संस्काराला) कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा) जवळजवळ नाहीच, कारण तो विरामातली हिस्स आणि शेपूट उचलून पुढे आणतो.

मूळ अल्बमातलं ‘ललबाय’ साडेनऊ मिनिटांहून मोठं आहे आणि तरी कुठेही घाई नाही. चार मिनिटं टिकवतानाच त्याचा आवाका कळतो.

पुढचं काम: ३१ ते ३८ या आवर्तनांत गिटार पूर्ण थांबवायची, फक्त बास आणि ब्रश. तिथे टॉमचा ठोका अजून ढिला वाटतोय. पान अर्धा सूर चढवून पुन्हा टेक घ्यायचा आहे.