लवंग कधी काढायची?

थंडी पडली आणि सणाच्या निमित्ताने घरी चार माणसं जमायचं ठरलं, की मला एक फोन हमखास येतो. "तुमच्याकडच्या त्या गरम पेयात तुम्ही नक्की काय घालता हो?" मी सांगते: सफरचंदाचा रस, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, थोडं आलं. पलीकडचा आवाज हिरमुसतो. एवढंच? हे तर आम्हीही घालतो. मग आमचं कडू का होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काय घालायचं ते बहुतेकांना ठाऊक असतं. काय कधी काढायचं, हे मात्र कुणी विचारत नाही आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

मला हे कळलं ते बारा माणसांसमोर. त्या वर्षी पहिल्यांदाच मी मोठ्या पातेल्यात तीन लिटर रस चढवला होता. सातला येणार म्हणालेली मंडळी नऊला उगवली. मी आपली गॅस अगदी बारीक करून "मुरतंय छान" म्हणत बसले होते. घरभर असा वास सुटलेला, की दारातच सगळे खूश. मग पहिला घोट घेतला. माझ्या थोरल्या दिरांनी कप खाली ठेवला, जीभ एकदा दातांवरून फिरवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "दाढ भरून घेतल्यासारखं वाटतंय."

सगळे हसले, पण त्यांचं निदान अचूक होतं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं आणि दाताचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातही तेच असतं. मी मूठभर लवंगा दोन तास शिजवून जिभा बधिर करायची सोय केली होती. आणि तो घरभर सुटलेला वास? तो सगळा पातेल्यातून निघून गेलेला वास होता. मसाल्याचा सुगंध उडून जाणारा असतो, तुरटपणा आणि कडूपणा मात्र उडत नाहीत. जितका वेळ उकळाल, तितके ते पाण्यात उतरत राहतात.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला आहे. एक लिटर रसाला चार लवंगा. चारच. दालचिनीचा बोटभर तुकडा, आल्याच्या तीन-चार चकत्या. चक्रफूल हवंच असेल तर एक पुरे, तेही मी बऱ्याचदा वगळते, कारण ते पडलं की बाकीच्यांना तोंड उघडू देत नाही. हे सगळं मलमलच्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधायचं आणि पुरचुंडीचा दोरा पातेल्याच्या कानाला अडकवायचा, म्हणजे काढताना झाऱ्याने शोधाशोध नको. रसाला खळखळून उकळी आणायची नाही. कडेने बारीक बुडबुडे धरले की आच तिथेच ठेवायची. पंधरा-वीस मिनिटं झाली की पुरचुंडी बाहेर. पाहुणे आलेले असोत वा नसोत.

संत्र्याची साल शेवटच्या पाच मिनिटांतच. तीही सोलाण्याने नुसता रंगीत पापुद्रा काढून. सुगंधी तेलाच्या पिशव्या त्या रंगीत भागात असतात, खालचा पांढरा भाग कडू. अख्ख्या संत्र्याच्या जाड चकत्या तरंगताना फोटोत छान दिसतात. दिसू द्या. अर्ध्या तासाने त्यांची चव घेऊन बघा. वेलची घालायची असेल तर ठेचून गॅस बंद केल्यावर घाला आणि झाकण ठेवा, तिचा वास आचेवर टिकत नाही. दालचिनीची पूड मात्र कधीच नको. ती विरघळत नाही, पाणी पिऊन फुगते आणि कपाच्या तळाशी बुळबुळीत साका धरते. शेवटचा घोट गिळावा की थुंकावा कळत नाही. पातेलं स्टीलचं घ्या. आंबट रस ॲल्युमिनियममध्ये किंवा कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेत उकळू नये.

साखरेचं एक लक्षात ठेवा. गरम असताना गोडवा जास्त जाणवतो, गार होताना कमी. म्हणून पिण्याइतकं कोमट झाल्यावर चव घ्या आणि मगच साखर वाढवा. सफरचंदाच्या रसाला तर बहुतेक वेळा लागतही नाही. उलट थोडं लिंबू पिळावं लागतं.

दुधाची पेयं हा वेगळा प्रांत आहे. मागच्या थंडीत नणंदेचा रात्री आठला फोन. "वहिनी, दूध नासलं. ताजं होतं गं, आत्ताच पिशवी फोडली."

"आलं घातलंस?"

"हो, किसून. गार दुधातच घातलं, म्हटलं हळूहळू अर्क उतरेल."

हळूहळू, हीच गोची. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं आणि ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास जोरात कामाला लागतं. मंद आचेवर दूध त्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतं, म्हणजे त्याला रानच मोकळं. खळखळत्या उकळीत मात्र ते निकामी होतं. म्हणून आलं आधी अर्ध्या कप पाण्यात पाच मिनिटं चांगलं उकळायचं आणि मग त्यात दूध ओतायचं. संत्र्याचा रस दुधात घालायचा तर विचारच सोडा, आंबटाने गरम दूध फाटणारच. साल चालते. सालीत तेल असतं, आंबटपणा रसात असतो.

कोकोचं काय, असं मुलं असलेल्या घरांतून विचारतात. गुठळ्या होतात ही तक्रार. गुठळ्या होणारच, कारण कोको पावडर दुधात विरघळत नाही, नुसती तरंगते. 1828 साली नेदरलँड्समध्ये कोकोच्या बियांतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट निघालं आणि त्यातून आजची पावडर आली. पण ती सगळी चरबी काही निघत नाही. साध्या पावडरीतही 10 टक्क्यांच्या आसपास राहते, काहींत त्याच्या दुप्पट. ती पाण्याला जवळ करत नाही. म्हणून कपाला दोन चमचे कोको आणि साखर आधी कोरडी एकत्र करायची, त्यात तीन-चार चमचे गरम दूध घालून चमच्याच्या पाठीने चकचकीत होईपर्यंत घोटायचं आणि मग बाकीचं दूध. चिमूटभर मीठही घाला. खारट लागत नाही, कडूपणा दबतो.

आता वाइन. मी स्वतः फार पीत नाही, पण करून द्यायला आवडतं. मसाला आणि मध घालून वाइन पिणं रोमन काळापासून चालत आलंय, तेव्हा त्यात नवलाचं काही नाही. चूक एकच होते: वाइन आणि मसाले एकत्रच गॅसवर चढवतात. मसाल्याला वीस मिनिटं लागतात, वाइनला आच सोसत नाही. म्हणून मसाले पाण्या-साखरेच्या पातळ पाकात आधी उकळून घ्या, गाळा, आणि त्यात वाइन ओतून वाफ दिसेपर्यंतच गरम करा.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. "उकळलं की दारू उडून जाते, मग मुलांनीही घ्यायला हरकत नाही," असं भल्या भल्या लोकांकडून ऐकलंय. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते झटकन वेगळं होऊन निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटं मंद उकळल्यावरही साधारण 40 टक्के शिल्लक राहतं, तासाभराने 25 टक्के. त्यामुळे माझ्याकडे दोन पातेली असतात, आणि दोघांचे डाव वेगळे. न पिणाऱ्या माणसाला फसवून पाजण्यासारखा हलकटपणा नाही.

एगनॉग या अंडं घातलेल्या दुधाच्या पेयाबद्दल थोडक्यात: थर्मामीटर नसेल तर करू नका. मिश्रण 71 अंशांपर्यंत न्यावं लागतं, म्हणजे अंडं सुरक्षित होतं, आणि 80 ओलांडलं की त्याची भुर्जी होते. मधल्या त्या चिंचोळ्या जागेत सतत ढवळत उभं राहायचं. एवढा सोस मला नाही.

पाहुणे उशिरा आले तर? येतातच. पुरचुंडी काढून, गाळून थर्मासमध्ये भरायचं, मसाल्यावर ठेवून द्यायचं नाही. थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवून ओता, तर रस बराच वेळ गरम राहतो. दुधाचं मात्र वेळेवरच करा, कोमट दूध तासन् तास राहिलं की खराब होतं. आणि थर्मासमधून ओतल्या ओतल्या कुणाला प्यायला लावू नका. 65 अंशांपेक्षा गरम पेयं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली आहेत. तो मुद्दा बाजूला ठेवला, तरी पोळलेल्या जिभेला चव लागत नाही, आणि एवढा खटाटोप मग कशासाठी?

नणंदेने या वर्षी सफरचंदाचं स्वतः केलं. मलमल सापडली नाही म्हणून मसाले सुटेच टाकले. दहाच्या सुमारास तिचा मेसेज: "वहिनी, लवंगा मोजून चार टाकल्या, अठराव्या मिनिटाला काढल्या. तीनच निघाल्या."

पाच मिनिटांनी दुसरा आला. "सापडली. दादाच्या कपात होती."