गारफिल्डची वही: निळा उजेड आणि हरवलेला गुरुवार

निळ्या उजेडानं काम केलं. गारफिल्ड या मांजराच्या अमेरिकी चित्रपट्टीचं एक जुनं कात्रण माझ्या वहीत आहे, १९८९ च्या हॅलोविन (भुताखेतांचा अमेरिकी सण) आठवड्यातल्या बुधवारचं. त्याची मागची बाजू अखेर वाचता आली. तिथली डेटलाइन (बातमी ज्या दिवशी लिहिली ती तारीख) 'नोव्हेंबर १' नाही, 'नोव्हेंबर १४' आहे. मागच्या नोंदीनंतर 'ही पट्टी अमेरिकेनंतर आठ दिवसांनी आपल्याकडे छापली' यावर पैज लावणाऱ्यांनी कटिंगचे पैसे तयार ठेवावेत.

वहीची पूर्वकथा बहुतेकांना पाठ आहे. नवीन मंडळींसाठी एका दमात सांगतो. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर बॅलंटाइन प्रकाशनाची गारफिल्डची आडवी बुकं शोधताना ही वही हाती लागली. कुण्या शाळकरी पोरानं भूगोलाची जुनी वही घेऊन तिच्यात मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकातल्या गारफिल्डच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. कात्री इतकी काटेकोर चालवली आहे की सिंडिकेटची (पेपरांना पट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीची) उभी ओळ आणि साल कापलं गेलंय. राहिलीय ती चित्रकार जिम डेव्हिसच्या सहीजवळची बारीक तारीख, फक्त महिना आणि दिवस.

अमेरिकेतली तारीख शोधणं अवघड नाही, सगळा संग्रह तारखेनुसार उपलब्ध आहे. मला हवी आहे ती इथली तारीख. ती पट्टी आपल्याकडे कधी छापली, किती उशिरानं, आणि कुठली छापलीच नाही? हे कुठल्याही बुकात मिळणार नाही, ते कात्रणाच्या पाठीवरच असतं. आणि पाठीला लावलीय खळ.

'एवढ्यासाठी एवढा खटाटोप?' असं कुणीतरी दर वेळी विचारतंच. त्यांना माझं एकच उत्तर आहे, पेंडलटन. इंडियानातल्या त्या छोट्या गावच्या 'पेंडलटन टाइम्स'मध्ये जानेवारी १९७६ पासून डेव्हिसची 'जॉन' नावाची पट्टी येत होती. १९ जून १९७८ ला ४१ वर्तमानपत्रांतून 'गारफिल्ड' सुरू झाला त्याच्या दोन वर्षं आधी हाच मांजर, हाच त्याचा मालक जॉन तिथं होते. ओडी या कुत्र्याचं नाव तेव्हा स्पॉट होतं. चार दशकं हे जवळजवळ कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी गावच्या पेपरचा मायक्रोफिल्म उलगडून बघितला नव्हता. २०१९ मध्ये एका चाहत्यानं तो बघितला आणि पट्ट्या उजेडात आल्या. स्थानिक पेपरात काय होतं ते स्थानिक माणसानंच शोधायचं असतं.

आता मूळ दुखणं. २३ ते २८ ऑक्टोबर १९८९ या सहा पट्ट्या तुम्हाला सांगायला नकोत. गारफिल्ड जागा होतो, घर गार पडलेलं, रिकामं, वर्षानुवर्षं कुणी न राहिलेलं. जॉन नाही, ओडी नाही. विनोद जवळपास नाहीच. लोकांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते याची डेव्हिसनं विचारपूस केली, उत्तर आलं एकटेपणाची, आणि त्यावरून हा आठवडा झाला. वहीत यातल्या पाचच आहेत. गुरुवार, २६ ऑक्टोबर, गायब. बुधवार आणि शुक्रवार शेजारीशेजारी चिकटवलेत, मध्ये जागासुद्धा सोडलेली नाही.

तेव्हा प्रश्न असा: पेपरानं गुरुवारची पट्टी गाळली की पोराची ती चुकली? बुधवारची आणि शुक्रवारची पट्टी इथं लागोपाठच्या दिवशी आली असेल तर पेपरानं गाळली. मध्ये एक दिवस असेल तर पोराची चुकली.

शुक्रवारचं कात्रण सरळ निघालं. खळ जुनी होती. ओलसर टीपकागद वर-खाली ठेवला, वर काच ठेवली, तासाभरानं कोपरा सुटला आणि मग बोथट सुरीनं हळूहळू अख्खं निघालं. (टीपकागद हल्ली कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मागितला तर तो आपल्याकडे टकमक बघतो. मला अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मिळाला, आणि तिथल्या काकांनी कशासाठी हवाय हे विचारून पाव भाव कमी केला.) मागे खेळाचं पान, आणि डेटलाइन शाबूत: 'कराची, नोव्हेंबर १६'. म्हणजे अंक १७ नोव्हेंबरचा, शुक्रवारचा. २७ ऑक्टोबरची पट्टी बरोबर २१ दिवसांनी. त्या कात्रणाला मी त्या दिवशी जवळजवळ नमस्कार केला.

बुधवारनं मात्र नाकी नऊ आणले. त्या पानावर भूगोलाची उत्तरं शाईच्या पेननं लिहिलेली आहेत. छापखान्याची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही. पेनाची निळी शाई पाण्याची वाटच बघत असते. पहिल्याच ओलीला 'दख्खनच्या पठारावरील काळी मृदा' पसरायला लागली आणि मी टीपकागद उचलला. ओलं काम बंद.

मग उजेड. ट्रेसिंग पॅडवर पान ठेवून खालून उजेड सोडला तर तीन थर एकावर एक दिसतात: वर गारफिल्ड, मध्ये पाठीमागचा उलटा मजकूर, खाली काळी मृदा. (पॅडबद्दल दोन शब्द. ऑनलाइन घेतलेला पहिला इतका लुकलुकायचा की फोटोत पट्टे यायचे. विक्रेत्यानं परत घ्यायला टाळाटाळ केली. दुकानात जाऊन लावून बघा, मगच घ्या.) फोटो आडवा पलटवला, वरून काढलेला नुसत्या गारफिल्डचा फोटो त्यातून वजा केला, तेव्हा दोनच गोष्टी लागल्या. एक शब्द 'नेहरू'. आणि डेटलाइनचा शेपटा: 'नोव्हेंबर १', पुढं शाईचा डाग.

इथंच सगळे अडकलो. खेळाचं पान, 'नेहरू', 'नोव्हेंबर १'. नेहरू कपची फायनल १ नोव्हेंबर १९८९ लाच कोलकात्यात झाली. पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडीज, शेवटच्या षटकात वसीम अक्रमनं व्हिव्ह रिचर्ड्सला मारलेला षटकार. इतकं चपखल बसत होतं की वाद घालायला जागा नव्हती. पण तसं धरलं तर बुधवारची पट्टी २ नोव्हेंबरला आली आणि त्याच गोष्टीतली शुक्रवारची १७ ला! मध्ये दोन आठवडे मांजर त्या रिकाम्या घरात उपाशी बसलं होतं की काय? आपल्यातल्या एकानं यावर अख्खी उपपत्ती मांडली होती: लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या, जाहिरातींनी पानं खाल्ली, पट्टी बंद ठेवली. उपपत्ती वाईट नव्हती. मला मात्र ती कधीच पटली नाही, कारण कुठलाही उपसंपादक गोष्ट अर्ध्यात सोडून पंधरा दिवस गप्प बसणार नाही. निदान त्या काळातला तरी नाही.

सुटका झाली ती साध्या गोष्टीनं. निळी शाई निळ्या उजेडात फिकी पडते. लॅपटॉपचा पडदा पूर्ण निळा केला, वर पातळ काच ठेवली, तिच्यावर वहीचं पान, खोलीत अंधार. जुना पेपर पिवळा पडलेला असल्यानं तो निळा उजेड अडवतो आणि चित्र काळोखं येतं, म्हणून फोनचं एक्स्पोजर बरंच लांबवावं लागलं, स्टँड हवाच. पण काळी मृदा विरून गेली. डागाखाली '४' उभा होता. 'नोव्हेंबर १४'. मग 'नेहरू'च्या पुढची 'जन्मशताब्दी'ची पहिली तीन-चार अक्षरंही लागली. पंडित नेहरूंची जन्मशताब्दी १४ नोव्हेंबर १९८९ ला होती, आणि खेळाच्या पानावरही तिच्या निमित्तानं काहीतरी छापलं होतं.

(ज्यांच्याकडे निळा पडदा नाही त्यांनी पांढऱ्या उजेडातला फोटो गिम्प या फोटोच्या प्रोग्रॅममध्ये उघडून फक्त निळा चॅनल बघावा. जवळपास तेच मिळतं, थोडं खरबरीत. फोनमधले तयार 'डॉक्युमेंट' फिल्टर वापरू नका, ते आपल्या मनानं अक्षरं गडद करतात आणि १ चा १४ कुणी केला हेच कळेनासं होतं.)

तर बुधवारचा अंक १५ नोव्हेंबरचा. वारही बुधवार. उशीर पुन्हा २१ दिवस. मध्ये १६ तारखेचा गुरुवार मोकळा आहे, म्हणजे पेपरानं बहुधा काही गाळलं नाही.

२१ या आकड्यावर जरा रेंगाळू द्या, कारण मला त्याचा मनापासून आनंद झालाय. तीन आठवडे पुरते. सोमवारची पट्टी सोमवारीच. गारफिल्डचं सोमवारशी असलेलं वैर बघता हे फार मोलाचं आहे. वीस दिवसांचा उशीर असता तर त्याची सोमवारची कुरकुर आपल्याकडे रविवारी आली असती. 'आपले पेपर हाताला लागेल ती पट्टी लावायचे' असं म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. कुणीतरी टेबलावर बसून वार जुळवत होतं. पंधरा ऑगस्टनंही तेच दाखवलं. १६ ऑगस्टला अंक निघत नाही. त्या दिवशीची, म्हणजे २६ जुलैची, पट्टी वहीत नाही. २५ आणि २७ आहेत. ढकलली असती तर पुढचे सगळे वार बिघडले असते. त्यांनी गाळली आणि वार राखले.

एक वाईट वाटतं ते त्या पोराबद्दल. अमेरिकेतल्या वाचकाला माहीत होतं की मंगळवारी हॅलोविन आहे, हा भीतीचा आठवडा आहे. आपल्याकडे हा आठवडा १३ ते १८ नोव्हेंबरला आला. ना भोपळे, ना भुतं. नेहमीच्या जागी नेहमीचं मांजर, आणि अचानक घर रिकामं. तरी त्यानं पाचही कापून नीट लावल्या.

बाकी कामं थोडक्यात. जॉनचा सुरुवातीचा घरसोबती लायमन, त्याच्या पट्ट्यांची यादी (७ ऑगस्ट १९७८ ते २४ एप्रिल १९८३) कुठे पोचली ते पुढच्या वेळी. रविवारच्या पट्ट्यांची वरची ओळ आपल्याकडे सर्रास कापली जायची, तिच्या शीर्षक-चौकटींसाठी ट्रेझरी या पुस्तकमालिकेशी जुळवणी चालू आहे. बिनतारखेच्या कात्रणांना गारफिल्डच्या पायांवरून काळ लावणं मी सोडून दिलंय. डेव्हिस सांगतो की दोन पायांवर उभं राहण्यासाठी पाय मोठे करायची सूचना 'पीनट्स'वाल्या चार्ल्स शुल्झची होती, पण बदल इतका सावकाश झाला की पायांवरून वर्ष काढणं म्हणजे अंदाजपंचे.

पुढं खरं तर दिवाळी तपासायची होती. २९ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, ३० ला अंक नसला तर ९ ऑक्टोबरची पट्टी गळालेली असणार. पण ते पान फेव्हिकॉलनं चिकटवलंय आणि त्याच्याशी झगडायला आत्ता हिंमत नाही. शिवाय हे लिहितानाच दुसरंच काहीतरी सुचलं आहे.

बुधवारच्या मागे खेळाचं पान. शुक्रवारच्या मागे खेळाचं पान. म्हणजे गुरुवारच्याही मागे खेळाचंच पान असणार. आणि गुरुवार, १६ नोव्हेंबर १९८९ च्या मुंबईच्या पेपरात खेळाच्या पानावर काय होतं? आदल्या दिवशी कराचीत कपिल देवची शंभरावी कसोटी सुरू झाली होती, आणि याच मुंबईतला सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिल्यांदा कसोटीला उतरला होता. त्या दिवशी त्या घरात कात्री आधी कुणाच्या हाती लागली असेल? थोरला भाऊ, बाबा, शेजारचे काका, कुणीही. पोराचं काही चुकलंच नसेल. त्याच्या आधी दुसऱ्या कुणीतरी तेच पान उलट्या बाजूनं कापलं असेल.

तेव्हा दिवाळी थांबू दे. ज्यांच्या घरी, नात्यात, माळ्यावर १९८९ ची क्रिकेटची कात्रणवही असेल त्यांनी १६ नोव्हेंबरचं पान उजेडासमोर धरून बघावं. मुंबई आवृत्तीच हवी, पुण्याच्या अंकाची पानं वेगळी लागायची. खळ असेल तर पाणी लावू नका, आधी खालची शाई बघा. निळ्या पडद्याचं एक्स्पोजर किती ठेवायचं ते विचारा, सांगतो. आणि सचिनच्या पाठीवर मांजर सापडलं तर सोडवायची घाई करू नका, फोटो काढून पाठवा.