आज सभागृहाच्या गॅलरीत
आज पहिल्यांदाच नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलेलं नुसता आरडाओरडा असेल, पण तसं काहीच नाही, आधी कोरम मोजला, म्हणजे सभेला पुरेसे सदस्य आलेत का ते पाहिलं, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे तिथे काय झालं त्याची लेखी नोंद, कायम करायचा विषय आला आणि तिथेच एक सदस्या उठल्या, म्हणाल्या माझी उपसूचना, म्हणजे ठरावात मी सुचवलेला बदल, यात आलेलीच नाहीये. एवढीशी गोष्ट वाटते ना? पण इतिवृत्तात नाही म्हणजे पुढे कुणी विचारलं तर दाखवायला काहीच नाही, म्हणून त्या बसल्याच नाहीत, शेवटी सचिवांनी पेनाने दुरुस्ती लिहिली आणि परत वाचून दाखवली. खूप बरं वाटलं ते बघून, खरंच.

नंतरचे विषय भराभर, सूचक (ठराव मांडणारा) कोण, अनुमोदक (पाठिंबा देणारा) कोण, मंजूर, पुढचा. पाण्याच्या पाइपलाइनच्या टेंडरवर मात्र पाऊण तास चर्चा आणि मग तो विषय पुढच्या सभेवर ढकलला. शेजारी एक आजोबा विषयपत्रिकेवर पेन्सिलने खुणा करत होते, प्रत्येक विषयापुढे मंजूर की तहकूब. जाताना ती कॉपी मलाच देऊन गेले. पुढच्या सभेला मी जाणारे, पाइपलाइनचं काय ठरतंय ते ऐकायचंय.