माहेरचं नाव, सासरचं आधार

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. दापोली तालुक्यातल्या एका बंदराजवळच्या शाळेत मी केंद्राध्यक्ष होते. एका पुरुषामागे दोन बाया आत सोडायच्या, हे मी कटाक्षाने पाळते. मासळीचा लिलाव सांभाळून आलेली बाई रांगेत खोळंबली की पाटी उचलून जाते, ती परत येत नाही.

दुपारी अशीच एक आली. यादीत माहेरचं नाव, हातातल्या आधारवर सासरचं. एका उमेदवाराचा पोलिंग एजंट उठला, "ही ती नव्हे." आक्षेपाला २ रुपये रोख भरावे लागतात, त्याने भरले, मी पावती दिली. तोतयेगिरीची शिक्षा तिला ऐकवली. ते ऐकवावंच लागतं, पण आवाज चढवायचा नसतो. घाबरलेली बाई मत न देताच माघारी फिरते. आक्षेप घेतलेल्या मतांच्या यादीत, म्हणजे नमुना १४ मध्ये, तिची नोंद करून सही घेतली.

पुरावा आधी आक्षेप घेणाऱ्याने द्यायचा. त्याच्याकडे आडनावापलीकडे काही नव्हतं. यादीतल्या फोटोत डाव्या भुवईवर व्रण होता, समोर तोच.

"बाई, फोटो माझाच. लग्नाआधीचा."

बाहेर बसलेल्या बीएलओंना, म्हणजे या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, आत बोलावलं. माहेर-सासर एकाच वाडीत, त्यांनी ओळख पटवली. आक्षेप फेटाळला. खोडसाळ असता तर २ रुपये जप्त झाले असते. गैरसमजातून घेतलेला होता, म्हणून परत केले.

प्रश्न नाव जुळतं का एवढाच नसतो, माणूस तेच आहे का हा असतो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच सांगितलं होतं. आज नाव आहे, पण लग्नानंतर ते दुरुस्त करून घ्यायचं घरात कुणाच्या लक्षात येत नाही. रेशनकार्ड बदलतं, बँकेचं खातं बदलतं, मतदार यादी तशीच राहते.

शाई लावताना पुन्हा अडलं. बोटाला बांगड्याचं तेल. तेलकट बोटावर शाई धरत नाही. फडक्याने तर्जनी कोरडी केली आणि नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या तळापर्यंत रेघ ओढली. आतून बीप ऐकू आला.

ती बाहेर पडली तेव्हा बीएलओंनी यादीतली नोंद दुरुस्त करायचा अर्ज, नमुना ८, काढून ठेवला होता. भिंतीशी टेकवलेल्या पाटीकडे एक डोळा ठेवून तिने त्यावर सही केली.