चोवीस तुकड्यांची वाकळ

आप्पांचा फोटो काढायचा होता, पण नुसता आप्पांचा नको होता. आमचे हे चुलते गुऱ्हाळाशिवाय डोळ्यांसमोर येतच नाहीत. मागं धुरांडं, बाजूला चिपाडाची गंज, पलीकडं तोडायचा राहिलेला ऊस. हे सगळं यायला हवं आणि तरी नजर आधी आप्पांवरच जायला हवी.

२८ मिलिमीटरची लेन्स लावली की सगळं मावतं, पण उसाचं पान न् पान दिसतं आणि आप्पा त्यात हरवतात. ८५ची लावली की मागचं सगळं मऊ होतं, पण चौकटीत आप्पा आणि मूठभर चिपाड एवढंच उरतं. फोनचा पोर्ट्रेट मोडही करून पाहिला. त्यानं पटक्याचा शेमला ऊस समजून पुसून टाकला.

यावरचा उपाय जुनाच आहे. न्यूयॉर्कचा रायन ब्रेनायझर नावाचा लग्नांचे फोटो काढणारा फोटोग्राफर आहे, त्याच्यामुळं हा उपाय गाजला आणि लोक त्याला ब्रेनायझर पद्धतच म्हणतात. ८५चीच लेन्स ठेवायची, तिचं उजेड आत घेणारं छिद्र पूर्ण उघडायचं, जागेवरून न हलता त्या दृश्याचे तुकड्या-तुकड्यानं फोटो घ्यायचे आणि घरी येऊन जोडायचे.

याचं गणित मला आवडतं. माझ्या लेन्सचा एफ आकडा १.८; हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि मागचं धूसर. ८५ला १.८नं भागा: उघडं छिद्र ४७ मिलिमीटरचं. २८च्या लेन्सला त्याच १.८वर ते जेमतेम साडेपंधरा भरतं, कोटाच्या बटणाएवढं. जोडून तयार झालेल्या फोटोची रुंदी २८ची असते, पण छिद्र तेच, ४७चं. म्हणजे २८ मिलिमीटर, एफ ०.६. अशी लेन्स दुकानात मिळत नाही. कार्ल झाइसनं १९६६मध्ये नासासाठी जी नामांकित लेन्स केली, तीसुद्धा ०.७ होती. आणि मी जुन्या बाजारातून घेतलेल्या ८५वर ०.६ काढतोय म्हटल्यावर चार दिवस हवेतच होतो.

पहिला प्रयत्न काहिलीजवळ केला. शुद्ध मूर्खपणा. रस उकळत होता, आप्पा मळी काढत होते आणि वाफ दर सेकंदाला नवा आकार घेत होती. जोडल्यावर वाफेच्या चिंध्या झाल्या आणि आप्पांना तीन कोपरं आली. काहील उतरवून गूळ वाफ्यात पडेपर्यंत त्यांना हाक मारायची नाही, हा घरचा नियम असल्यामुळं "जरा थांबा" म्हणायचीही सोय नव्हती.

दुसऱ्यांदा आदण उतरल्यावर त्यांना बाहेर घेतलं. वेळ संध्याकाळची, ऊन पिवळं झालेलं. मी चार मीटरवर उभा. फोकस त्यांच्या डोळ्यांवर धरला आणि ऑटोफोकस बंद केला. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हातानं पक्कं केलं. नाहीतर प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा येतो. आधी आप्पांचे तुकडे घेतले, भराभर. माणूस आधी, कारण तोच हलतो. गंज कुठं जात नाही.

"आप्पा, हलू नका."

"आरं किती येळ? निवद दाखवतोयस व्हय?"

पहिल्या अर्ध्या मिनिटात ते सुटले आणि तंबाखू मळायला मोकळे झाले. मग मी सावकाश बाकीचं गोळा केलं. कॅमेरा उभा, तीन ओळी, प्रत्येक ओळीत आठ. शेजारचे दोन फोटो निम्मे एकमेकांवर यावेत असे घेतले. तिसरा हिस्सा पुरतो म्हणतात, पण मागं सगळं धूसर असलं की सॉफ्टवेअरला धरायला खूण सापडत नाही. पहिल्या वेळी त्यानं उसाचा एक आख्खा तुकडा आभाळात नेऊन चिकटवला होता. अशा ठिकाणी हगिनमध्ये, म्हणजे फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसून हातानं खुणा जुळवाव्या लागतात. हगिन फुकट आहे, वेळ मात्र भरपूर खातं. ऐंशी-ऐंशी फोटो जोडून मिरवणारेही असतात. माझा लॅपटॉप चोवीसलाच घुरघुरायला लागतो. म्हणून मी आधी फोटो लहान करून घेतो. तेव्हाच कोपऱ्यांतला अंधारही काढतो, नाहीतर आभाळावर गोधडीसारखी ठिगळं दिसतात.

एक गोष्ट मात्र मला घरी आल्यावरच कळली. आमचा जळव्या, दिवसभर चुलवाणात चिपाड सारणारा पोरगा, आप्पांच्या डावीकडं दोन मीटरवर त्यांच्याच रेषेत उभा होता. मुद्दाम उभा केला होता. तो धूसर आला. मी डोकं खाजवलं, मग दोरीच्या हिशोबानं उमगलं. कॅमेरा जागेवर फिरतो, तेव्हा फोकसही चार मीटरच्या दोरीनं कंस काढत फिरतो. पोरगा सरळ रेषेत होता, म्हणजे माझ्यापासून जवळजवळ साडेचार मीटरवर. एवढ्या उघड्या छिद्राला वीतभर खोलीच स्पष्ट दिसते. त्याला अर्धा मीटर पुढं घ्यायला हवा होता. त्याचा वेगळा फोटो काढून दिलाय, पण तो अजून नाराज आहे.

बाकी फोटो मनासारखा झाला. आप्पांच्या दाढीचे खुंट मोजता येतात, सदऱ्यावरचा काकवीचा डाग ओला वाटतो, आणि मागं गंज, ऊस, आभाळ एकमेकांत विरघळलेलं. खटकत होतं फक्त धुरांडं. डावीकडं झुकलेलं दिसत होतं. तुकडे जोडताना उभ्या रेषा कलतात, हे माहीत होतंच. दोन संध्याकाळी हगिनमध्ये उभ्या रेषांच्या खुणा लावत ते ओळंब्यात आणलं, मग कोल्हापुरातून दोन फूट बाय तीन फुटाची प्रिंट काढून गावी नेली.

आप्पांनी ती भिंतीला टेकवली, चष्मा लावला आणि स्वतःकडं न बघता थेट वर बोट नेलं.

"धुरांडं सरळ कुणी केलं?"

मी म्हटलं, मीच केलं, कॉम्प्युटरवर.

"ते कललंय की २०१९च्या पुरापासनं. पाया खचलाय डावीकडं. बघिटलं न्हाईस कधी?"

बाहेर जाऊन बघितलं. कललेलंच होतं.